संघटना संस्थाचालकांची, विद्यार्थी-प्राध्यापकांच्या पदरी काय?

खासगी विनाअनुदानित महाविद्यालयांच्या संघटनेचे एखादे निवेदन हाती पडले, की त्यात दोन गोष्टी हमखास आढळतात. पहिली विद्यार्थ्यांच्या हिताची आणि दुसरी प्राध्यापकांच्या वेतनाची. सरकारने शुल्कप्रतिपूर्तीचे पैसे थकवले म्हणून पगार रखडले. शुल्कवाढ नाकारली तर दर्जा घसरेल आणि त्याची झळ अखेर विद्यार्थ्यांनाच बसेल, असा या निवेदनांचा सूर असतो. हा युक्तिवाद सर्वस्वी खोटा म्हणता येत नाही. सरकारी पैसा वेळेवर येत नाही, हे मंत्रालयात दोन-चार खेपा घातलेल्या कोणालाही ठाऊक आहे. मात्र ज्यांच्या नावाने ही निवेदने निघतात, त्या विद्यार्थ्यांना आणि प्राध्यापकांना या संघटनांकडून प्रत्यक्षात काय मिळते, याचा हिशेब सहसा कोणी मागत नाही.

महाराष्ट्रात महाविद्यालयीन क्षेत्रात संघटनांना तोटा नाही. प्राचार्यांची संघटना आहे, अनुदानित प्राध्यापकांच्या विद्यापीठनिहाय संघटना आणि त्यांचा महासंघ आहे, विद्यार्थी संघटना तर पक्षागणिक आहेत. येथे विचार करायचा आहे तो व्यवस्थापनांच्या, म्हणजे संस्थाचालकांच्या संघटनांचा. कारण विनाअनुदानित क्षेत्रात शुल्क, प्रवेश, नेमणुका आणि पगार या चारही गोष्टींच्या किल्ल्या त्यांच्याच सभासदांकडे आहेत.

न्यायालयाच्या पायरीवर वाढलेल्या संघटना

वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना १९८३ साली खासगी संस्थांना विनाअनुदान तत्त्वावर अभियांत्रिकी व वैद्यकीय महाविद्यालये काढण्याची परवानगी मिळाली. तोवर या शिक्षणासाठी कर्नाटकाची वाट धरणारी मराठी मुले त्यानंतर राज्यातच शिकू लागली, हा त्या निर्णयाचा फायदा नाकारण्याचे कारण नाही. पण चारच वर्षांत, १९८७ मध्ये, कॅपिटेशन फीला म्हणजे देणगीच्या नावाखालील वसुलीला बंदी घालणारा कायदा राज्याला करावा लागला. 'शिक्षणसम्राट' हा शब्द मराठी वृत्तपत्रांत रुळला तो याच काळात.

पुढची सगळी लढाई न्यायालयात झाली. १९९३ मधील उन्नीकृष्णन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निम्म्या जागा कमी शुल्काच्या आणि निम्म्या अधिक शुल्काच्या अशी वाटणी केली. ३१ ऑक्टोबर २००२ रोजी टी. एम. ए. पै खटल्यात अकरा न्यायमूर्तींच्या पीठाने ती योजना रद्द ठरवली, आणि खासगी विनाअनुदानित संस्थांना शुल्क ठरवण्याची मुभा देतानाच नफेखोरी व कॅपिटेशन फी चालणार नाही, असे बजावले. त्या निकालाचा अर्थ लावण्यासाठी २००३ मध्ये इस्लामिक अकॅडमीचा निकाल आला. त्यानुसार प्रत्येक राज्यात निवृत्त न्यायमूर्तींच्या अध्यक्षतेखाली प्रवेश आणि शुल्क यांवर देखरेख करणाऱ्या दोन समित्या नेमल्या गेल्या. त्याचाही पुनर्विचार १२ ऑगस्ट २००५ रोजी पी. ए. इनामदार विरुद्ध महाराष्ट्र सरकार या खटल्यात सात न्यायमूर्तींनी केला.

या शेवटच्या निकालात संघटनांच्या दृष्टीने एक महत्त्वाचे वाक्य होते. एकाच प्रकारचे शिक्षण देणाऱ्या खासगी संस्थांनी एकत्र येऊन सामाईक प्रवेश परीक्षा घ्यायला हरकत नाही. फक्त ती परीक्षा न्याय्य, पारदर्शक आणि पिळवणूक न करणारी असावी. तोवर संघटना म्हणजे निवेदने देणारे आणि वकील लावणारे मंडळ होते. या वाक्याने तिला विद्यार्थ्यांचे भवितव्य ठरवणाऱ्या यंत्रणेचे रूप दिले.

महाराष्ट्रात खासगी वैद्यकीय व दंत महाविद्यालयांच्या व्यवस्थापनांची संघटना घेत असलेली 'असो-सीईटी' अनेक पालकांच्या अजून स्मरणात असेल. राज्य सरकारची सीईटी वेगळी, संघटनेची वेगळी, अभिमत विद्यापीठांची आणखी वेगळी. बारावीचा विद्यार्थी मे महिन्यात एका शहरातून दुसऱ्या शहरात परीक्षा देत फिरे आणि प्रत्येक अर्जाचे शुल्क निराळे भरे. असे असूनही संघटनेच्या परीक्षेचा एक उपकार मान्य करावा लागेल. प्रत्येक महाविद्यालयाने आपापल्या दालनात प्रवेश 'ठरवण्या'पेक्षा सर्वांनी मिळून एक गुणवत्ता यादी लावणे केव्हाही बरे होते. ती यादी शेवटच्या फेरीपर्यंत कितपत पाळली जाते, याविषयीच्या तक्रारी मात्र दरवर्षी प्रवेश समितीपुढे येत.

'नीट' आल्यावर हा अध्याय संपला. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१३ मध्ये रद्द केलेली ही परीक्षा एप्रिल २०१६ मध्ये पुन्हा मार्गी लागली. त्याच वर्षी २ मे रोजी मॉडर्न डेंटल कॉलेजच्या खटल्यात खासगी महाविद्यालयांच्या प्रवेशांवर व शुल्कावर नियंत्रण ठेवण्याचा राज्यांचा अधिकारही न्यायालयाने उचलून धरला. महाराष्ट्राने तत्पूर्वीच २०१५ मध्ये कायदा करून प्रवेश नियामक आणि शुल्क नियामक अशी दोन प्राधिकरणे नेमली होती. परीक्षेचे काम हातून गेल्यावर संघटनांपुढे दोन विषय उरले: शुल्क आणि शुल्काची प्रतिपूर्ती.

प्रतिपूर्तीचा गुंता

विनाअनुदानित महाविद्यालयाला सरकार अनुदान देत नाही, हे नावातच आहे. परंतु त्यात शिकणाऱ्या बऱ्याच विद्यार्थ्यांचे शुल्क सरकार भरते. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्राची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. आर्थिकदृष्ट्या दुर्बल कुटुंबांसाठी राजर्षी छत्रपती शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजना आहे. तिची उत्पन्नमर्यादा २०१६ मध्ये एका लाखावरून सहा लाखांवर आणि नंतर आठ लाखांवर नेण्यात आली. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागासवर्गातील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्काची पूर्वीची निम्मी सवलत शंभर टक्के करण्यात आली.

या योजना घोषणेच्या दिवशी सरकारच्या असतात. दुसऱ्या दिवसापासून त्यांचा भार महाविद्यालयाच्या तिजोरीवर पडतो. प्रवेशाच्या वेळी मुलीकडून शुल्क घ्यायचे नाही, आणि सरकारकडून ते केव्हा येईल याची तारीख नाही. ज्या महाविद्यालयात निम्म्याहून अधिक विद्यार्थी सवलतीचे आहेत, तेथे ही उधारी लहानसहान नसते. तालुक्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयांची अवस्था यातून सर्वांत बिकट होते, कारण पूर्ण शुल्क भरणारा विद्यार्थी मुळात पुण्या-मुंबईकडे जातो. संघटना या प्रश्नावर पाठपुरावा करतात, न्यायालयात जातात. ते काम योग्यच आहे. एकट्यादुकट्या महाविद्यालयाला सामाजिक न्याय, उच्च व तंत्रशिक्षण आणि वित्त अशा तीन विभागांशी झगडणे शक्य नसते.

पण विद्यार्थ्याच्या बाजूने याकडे पाहिले, तर चित्र पालटते. २०२० च्या अखेरीस केंद्राने अनुसूचित जातींच्या शिष्यवृत्तीत केंद्राचा ६० टक्के व राज्याचा ४० टक्के असे वाटप ठरवले, आणि त्यानंतर केंद्राचा वाटा थेट विद्यार्थ्याच्या बँक खात्यात जमा होऊ लागला. शुल्कापोटीची रक्कम विद्यार्थ्याने पुढे महाविद्यालयाकडे भरायची आहे. पैसे सत्राच्या मध्यावर किंवा सत्र संपल्यावर येतात. तोवर महाविद्यालय तगादा लावते. पैसे आले, तेव्हा घरात दुखणे असेल किंवा बियाण्याची उधारी असेल, तर ते तेथे खर्च होतात. मग परीक्षेचा अर्ज अडतो, निकाल अडतो, शाळा सोडल्याचा दाखला अडतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने आणि अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने मूळ कागदपत्रे अडवून ठेवण्यास मनाई केलेली आहे. तरीही नोकरीची मुलाखत पार पडलेला तरुण गुणपत्रिकेसाठी महाविद्यालयाच्या खिडकीशी तिष्ठत असल्याचे दृश्य दुर्मीळ नाही.

व्यवस्थापनांच्या संघटनेने सरकारशी भांडताना विद्यार्थ्याला ओलीस धरू नये, एवढी अपेक्षा वाजवी आहे. सभासद महाविद्यालयांनी थकबाकीपोटी कागदपत्रे अडवायची नाहीत, असा ठराव करून तो पाळून घेण्याचे सामर्थ्य संघटनेत निश्चित आहे. सरकारविरुद्ध प्रवेशप्रक्रियेवर बहिष्काराची भाषा करताना हे सामर्थ्य दिसते. कागदपत्रांच्या बाबतीत ते दिसत नाही.

पगाराचे दोन हिशेब

प्राध्यापकांचा प्रश्न अधिक नाजूक आहे, कारण येथे संघटनेच्या सभासदाचे आणि प्राध्यापकाचे हित एक नाही. विद्यार्थ्याच्या बाबतीत निदान सरकारकडे बोट दाखवता येते.

शुल्क नियामक प्राधिकरण शुल्क ठरवते ते महाविद्यालयाच्या खर्चावरून. त्या खर्चातील सर्वांत मोठा आकडा वेतनाचा. तंत्रशिक्षण परिषदेने मार्च २०१९ मध्ये सातव्या वेतन आयोगानुसार वेतनश्रेणी अधिसूचित केल्या. त्या श्रेणीने वेतन दाखवले, तर शुल्क वाढवून मिळते. त्या श्रेणीने वेतन दिले, तर शिल्लक कमी होते. या दोन वाक्यांमधल्या जागेत विनाअनुदानित प्राध्यापकांच्या बहुतेक तक्रारी दडलेल्या आहेत. कागदावर पूर्ण श्रेणी आणि हातात एकत्रित मानधन. खात्यात पूर्ण रक्कम जमा करून तिचा काही भाग रोखीने परत घेणे. अकरा महिन्यांची नेमणूक आणि मे महिन्यात खंड. सहा-सहा महिने पगार नाही आणि विचारले तर 'प्रतिपूर्ती आली की बघू' असे उत्तर. सगळ्या संस्था असे करत नाहीत. नियमित आणि पूर्ण वेतन देणाऱ्या संस्था राज्यात आहेत आणि त्यांचे नाव विद्यार्थीही आदराने घेतात. परंतु संघटनेत दोन्ही प्रकारचे सभासद शेजारी शेजारी बसतात, आणि वर्गणी भरली की दोघांचेही स्थान सारखेच.

कायद्याने प्राध्यापकाला दिलेला आधार अपुरा आहे. १९८८ मध्ये गोव्यातील ए. सुंदरंबाळ यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने शिक्षक हा औद्योगिक विवाद कायद्याच्या व्याख्येतील 'कामगार' नाही, असा निर्णय दिला. त्यामुळे कारखान्यातील कामगाराला उपलब्ध असलेली कामगार न्यायालयाची वाट शिक्षकाला बंद झाली. पै खटल्यात न्यायालयाने शिक्षकांच्या अपिलांसाठी जिल्हावार शैक्षणिक न्यायाधिकरणे असावीत, असे सुचवले होते. महाराष्ट्रात विद्यापीठ व महाविद्यालय न्यायाधिकरण आहे. बडतर्फी, सेवासमाप्ती, पदावनती यांविरुद्ध तेथे दाद मागता येते. पण ज्याला काढलेले नाही, केवळ पगार दिलेला नाही, त्याच्यासाठी तो मार्ग सोयीचा नाही. त्याने विद्यापीठाच्या तक्रार निवारण समितीकडे जायचे, नाही तर थेट उच्च न्यायालयात. नोकरीत राहून आपल्याच संस्थेविरुद्ध याचिका करणारा प्राध्यापक पुढच्या जूनमध्ये त्या संस्थेत असेलच, याची शाश्वती कोण देणार?

अनुदानित प्राध्यापकांची गोष्ट निराळी. त्यांचा महासंघ २०१३ मध्ये थकबाकी व अन्य मागण्यांसाठी परीक्षेच्या कामावर दीर्घ बहिष्कार टाकू शकला, आणि सरकारला त्याची दखल घ्यावी लागली. विद्यार्थ्यांना त्याचा त्रास झाला, हेही खरे. विनाअनुदानित प्राध्यापकाच्या हाती असे कोणतेच साधन नाही. तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकाच्या हाती तर त्याहून कमी.

ग्रॅच्युइटीची कथा या संदर्भात उद्बोधक आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये शिक्षक हे तत्कालीन ग्रॅच्युइटी कायद्यातील 'कर्मचारी' या व्याख्येत बसत नाहीत, असे म्हटले. कायदा बदलायचा तर तो विधिमंडळाने बदलावा, असेही सुचवले. संसदेने २००९ मध्ये दुरुस्ती केली आणि ती ३ एप्रिल १९९७ पासून लागू केली. त्याविरुद्ध न्यायालयात कोण गेले? खासगी शाळांच्या व्यवस्थापनांच्या संघटना. तेरा वर्षांनी, २९ ऑगस्ट २०२२ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या याचिका फेटाळल्या आणि सहा आठवड्यांत व्याजासह रक्कम देण्यास सांगितले. याचिकाकर्ते शाळांचे होते हे खरे. पण शिक्षकांच्या निवृत्तीच्या चार पैशांविरुद्ध संघटनेचा निधी खर्ची पडला, हे महाविद्यालयीन प्राध्यापकांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे.

आणखी एक हिशेब. तंत्रशिक्षण परिषदेने २०१८-१९ पासून अभियांत्रिकी महाविद्यालयांसाठी शिक्षक-विद्यार्थी प्रमाण एकास पंधरावरून एकास वीस केले. वर्षाला ३०० प्रवेश असलेल्या महाविद्यालयात चार वर्षांचे मिळून १,२०० विद्यार्थी होतात. जुन्या प्रमाणाने तेथे ८० शिक्षक लागत. नव्या प्रमाणाने ६० पुरतात. एका महाविद्यालयात वीस पदे. रिकाम्या जागांनी त्रस्त झालेल्या व्यवस्थापनांना तो दिलासा होता. पीएचडी करत असलेल्या तरुण प्राध्यापकांना तो कोणत्या अर्थाने दिलासा वाटावा?

आजीव सदस्यांचा वारसा

व्यवस्थापन एकीकडे आणि अध्यापक दुसरीकडे, अशी फाळणी महाराष्ट्राच्या खासगी शिक्षणाच्या मुळाशी नव्हती. १८८४ साली स्थापन झालेल्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीत शिकवणारे आजीव सदस्यच संस्था चालवत. गोपाळ कृष्ण गोखले यांनी दरमहा ७५ रुपयांवर वीस वर्षे सेवेची शपथ पाळली. या व्यवस्थेतही भांडणे होती; आजीव सदस्यांनी बाहेरचे उत्पन्न घ्यावे का, या वादात इतर मतभेदांची भर पडून टिळक १८९० मध्ये बाहेर पडले. पण पगार किती असावा, याचा वाद घालणारे आणि तो पगार घेणारे एकच होते. रयत शिक्षण संस्थेतील सेवकांनी आपली सहकारी बँक उभी केली, तीही याच वळणाची गोष्ट. १९८३ नंतर आलेल्या संस्थांपैकी अनेकांच्या विश्वस्त मंडळात शिकवणारा माणूस औषधालाही सापडत नाही.

पुण्यात आलेली एक वेगळी संघटना

खासगी महाविद्यालयांनी एकत्र येऊन दुसरे काही करता येते का, याचे एक उदाहरण पुणेकरांनी दारात पाहिलेले आहे. अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातील लहान खासगी महाविद्यालयांनी १९५८ मध्ये 'असोसिएटेड कॉलेजेस ऑफ द मिडवेस्ट' हा संघ स्थापन केला. सभासद चौदा, त्यांतील बहुतेकांची विद्यार्थिसंख्या आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या कनिष्ठ महाविद्यालयाइतकीही नाही. एकेका महाविद्यालयाला परदेशात अभ्यासकेंद्र चालवणे परवडणारे नव्हते. संघाला ते परवडले. या संघाचा भारत अभ्यासक्रम अनेक दशके पुण्यात चालला. दरवर्षी काही अमेरिकन मुले येत, पुण्यातील कुटुंबांत राहत, मराठी शिकत आणि एखादा विषय घेऊन छोटे संशोधन करत. सदाशिव पेठेतल्या घरात 'मावशी, अजून एक पोळी नको' म्हणणारी ती मुले जुन्या पुणेकरांना आठवतील. आंबेडकरी चळवळीच्या नामवंत अभ्यासक एलिनॉर झेलियट या संघातील कार्लटन महाविद्यालयात शिकवत आणि या उपक्रमाशी त्यांचा दीर्घ संबंध होता. मराठी दलित साहित्य इंग्रजी वाचकांपुढे नेण्यात त्यांचा वाटा किती मोठा, हे सांगायला नकोच.

असे संघ तेथे अनेक आहेत. मॅसॅच्युसेट्समध्ये अ‍ॅमहर्स्ट, स्मिथ, माउंट होल्योक ही खासगी महाविद्यालये आणि तेथील सरकारी विद्यापीठ यांनी १९६५ मध्ये 'फाइव्ह कॉलेजेस' या संघाची पायाभरणी केली. एका महाविद्यालयाच्या विद्यार्थ्याने दुसऱ्यात जाऊन विषय शिकायचा, त्यासाठी बस, ग्रंथालयातील पुस्तकांची देवाणघेवाण, आणि एकाच प्राध्यापकाची दोन-तीन महाविद्यालयांनी मिळून केलेली नेमणूक, अशी ही व्यवस्था आहे. शेवटचा मुद्दा आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा. एखादी भाषा किंवा विषय शिकणारे एका ठिकाणी चारच विद्यार्थी असले, तरी तीन ठिकाणचे मिळून प्राध्यापकाला पूर्णवेळ नोकरी देता येते. आपल्याकडे तोच माणूस तीन महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर दुचाकीवरून फिरतो. प्रवास सारखाच, एकाला पगार आणि रजा आहे, दुसऱ्याला तासाचे पैसे.

लहान खासगी महाविद्यालयांच्या देशव्यापी परिषदेची, 'कौन्सिल ऑफ इंडिपेंडंट कॉलेजेस'ची, आणखी एक योजना आहे. एका सभासद महाविद्यालयातील कर्मचाऱ्याच्या मुलाला दुसऱ्या सभासद महाविद्यालयात शिक्षण शुल्क माफ. चारशेहून अधिक महाविद्यालये तीत आहेत आणि प्रत्येकाने वर्षाला किमान तीन विद्यार्थी घ्यायचे असतात. महाविद्यालयाला ही योजना फार महाग पडत नाही, कारण रिकाम्या राहणाऱ्या जागा अशा रीतीने भरतात. महाराष्ट्रात अभियांत्रिकीच्या रिकाम्या जागांची चर्चा दरवर्षी होते. आपल्याच प्राध्यापकांच्या, लिपिकांच्या, शिपायांच्या मुलांना त्या जागा संघटनेमार्फत देण्याची चर्चा मात्र कानावर आलेली नाही.

तरीही अमेरिकेचे सगळे चांगले, असा ग्रह कोणी करून घेऊ नये. तेथील श्रीमंत खासगी विद्यापीठांनी एकत्र येऊन विद्यार्थ्यांचे नुकसान केल्याचा ठपकाही ठेवला गेला आहे. आयव्ही लीगमधील विद्यापीठे आणि एमआयटी यांचे अधिकारी दरवर्षी भेटून, कोणत्या गरजू विद्यार्थ्याला किती मदत द्यायची, हे आपसांत ठरवत. त्यामुळे विद्यार्थ्याला चढाओढीचा लाभ मिळत नसे. सरकारने १९९१ मध्ये मक्तेदारीविरोधी कायद्याखाली खटला भरला, तेव्हा आयव्ही लीगच्या विद्यापीठांनी ही पद्धत सोडण्याचे मान्य केले. पुढे कायद्यातील एका सवलतीचा आधार घेऊन पुन्हा तसाच एक गट उभा राहिला. २०२२ मध्ये माजी विद्यार्थ्यांनी त्यावर दावा लावला, आणि २०२४ च्या सुरुवातीपर्यंत दहा विद्यापीठांनी चूक मान्य न करता मिळून २८ कोटी ४० लाख डॉलर देण्याची तडजोड केली. व्यवस्थापने एका टेबलाभोवती बसली, की विद्यार्थ्याला दिलासा मिळेलच असे नाही. टेबलावर विषय कोणता, यावर ते ठरते.

संघटनेतली दरी

आता महाराष्ट्रातील संघटनांपुढे एक नवी अडचण आहे, आणि ती घरातली आहे. तंत्रशिक्षण परिषदेने २०२४-२५ पासून महाविद्यालयाच्या प्रवेशक्षमतेवरील कमाल मर्यादा उठवली. पुणे, मुंबई, नागपूर अशा शहरांतील मागणी असलेल्या महाविद्यालयांना संगणकशास्त्राच्या तुकड्या वाढवण्याची वाट मोकळी झाली. तालुक्याच्या महाविद्यालयाकडे जाणारा विद्यार्थी वाटेतच थांबू लागला. म्हणजे एकाच संघटनेच्या एका सभासदाची वाढ ही दुसऱ्याची टाळेबंदी ठरते. अशा वेळी 'खासगी महाविद्यालयांचे हित' या शब्दांना काही एक अर्थ उरत नाही. शुल्कप्रतिपूर्तीच्या मागणीवर सगळे एक. त्यापलीकडे बड्यांचा मार्ग वेगळा आणि लहानांचा वेगळा.

महाविद्यालय बंद होते, तेव्हा परिषदेच्या नियमांनुसार विद्यार्थ्यांची सोय पाहिली जाते. नवे प्रवेश थांबवून आधीच्या तुकड्या पूर्ण होऊ द्यायच्या, किंवा विद्यार्थ्यांना अन्यत्र सामावून घ्यायचे. प्राध्यापकांचे काय, हा प्रश्न संस्थेवर सोडला जातो, आणि जी संस्था बंद पडते आहे, तिच्याकडे थकीत पगार द्यायला पैसे असण्याची शक्यता सर्वांत कमी. पंधरा वर्षे शिकवलेला चाळिशीतील प्राध्यापक दुसऱ्या महाविद्यालयात गेला, की पुन्हा पहिल्या पायरीवरून सुरुवात करतो. संघटनेच्या सभासद महाविद्यालयांमध्ये सेवाकाल ग्राह्य धरण्याचा करार असता, तर निदान ते टळले असते. त्यासाठी ना शासन निर्णय लागतो, ना न्यायालयाचा आदेश. सभासदांची संमती लागते.

थकीत वेतनासाठी राखीव निधी हा दुसरा उपाय. साखर कारखानदारीपासून नागरी बँकांपर्यंत एकमेकांच्या अडचणीला धावण्याची सवय असलेल्या महाराष्ट्राला ही कल्पना परकी वाटू नये. प्रवेशित विद्यार्थ्यामागे ठरावीक रक्कम प्रत्येक सभासदाने निधीत जमा करायची आणि प्रतिपूर्ती रखडलेल्या महाविद्यालयाला त्यातून तीन महिन्यांच्या पगारापुरते बिनव्याजी कर्ज द्यायचे. सरकारचे पैसे आले की आधी निधीची फेड. यात अडचणी आहेत. शहरातील मोठे महाविद्यालय म्हणेल, आम्ही पगार वेळेवर देतो, दुसऱ्याच्या गैरव्यवस्थेचा भुर्दंड आम्ही का सोसावा? तो आक्षेप रास्त आहे, आणि त्याचे उत्तर म्हणून निधीतून पैसे घेणाऱ्याला आपले वेतनपत्रक संघटनेपुढे उघड करावे लागेल. बहुधा गाडी अडते ती येथेच.

शुल्क नियामक प्राधिकरणाकडे जाणाऱ्या प्रस्तावात वेतनखर्चाचा आकडा असतोच. प्रतिपूर्तीची थकबाकी किती, याचाही आकडा संघटनांच्या निवेदनात तत्परतेने दिलेला असतो. या दोन आकड्यांच्या जोडीला, आपल्या सभासद महाविद्यालयांतील प्राध्यापकांना शेवटचा पूर्ण पगार कोणत्या महिन्याचा मिळाला, अशी यादी एखाद्या संघटनेने स्वतःहून प्रसिद्ध केल्याचे प्रस्तुत प्रतिनिधीच्या पाहण्यात अद्याप आलेले नाही.